छायाचं बोट

२६ नोव्हेंबर, रविवार

आज संविधान दिन. सकाळी विहारात उद्देशिकेचं वाचन होतं, म्हणून थोडा वेळ घराबाहेर होते आणि तेवढ्यात घरी घोळ झालाच. तोरणा उतरून आलेली पुण्याची मंडळी अंगणात ताटं पुढं घेऊन बसलेली, पिठलं झालेलं, ठेचा झालेला आणि भाकरीचा पत्ता नाही. छाया चुलीपुढून उठून मागच्या दारी, उजवा हात काखेत दाबून, डोळे मिटून बसली होती. परातीत अर्धी थापलेली भाकरी तशीच. अभिषेकनं पाहुण्यांना सांगितलं की गॅस संपला. आमच्या पाटीवर 'चुलीवरचं घरगुती जेवण' असं लिहिलंय, त्यामुळं मंडळी एकमेकांकडं बघून हसली.

सगळा जन्म अंगणवाडीत गेला माझा. निवृत्त झाल्यावर भिंतीकडं बघत बसायचं नाही, म्हणून हे जेवणाचं मीच काढलं. घर गडाच्या वाटेवरच आहे, शनिवार-रविवार माणसांची काही वाण नाही. हे चाललं तर अभिषेकला कंपनीत नोकरी धरायला पुण्याला जावं लागणार नाही, नात डोळ्यांपुढं वाढेल आणि घर एका जागी राहील. अभिषेकचे वडील सोपानराव गेल्यापासून माझी एवढीच इच्छा उरली आहे. आणि हे सगळं उभं आहे तांदळाच्या भाकरीवर, आणि भाकरी सुनेच्या हातावर.

माझ्या हातून झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नसतं. पण माझा उजवा खांदा धरला आहे. दुखतं असं मी नुसतं म्हणाले आणि अभिषेकनं परात माझ्यापुढून उचलून छायापुढं ठेवली. पोरगं गुणाचं आहे.

२९ नोव्हेंबर

बोटाची हकिकत एकदा नीट लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की सासूनं काही केलं नाही.

उजव्या हाताचं मधलं बोट. सम्यका पोटात होती तेव्हापासून दुखतं म्हणते, आणि सम्यका आता चार वर्षांची आहे. बोटाला सूज नाही, जखम नाही, पू नाही. नखुरडं असेल म्हणून लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालून ठेवायला लावलं, तर तिनं ते लिंबू फेकून दिलं. वेल्ह्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग भोरला नेऊन हाताचा फोटो काढला, रक्त तपासलं. हाड चांगलं, रक्त चांगलं, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, घरात काही ताण आहे का. घरात कसला ताण?

थंड पाणी लागलं की दुखतं. कुणाचा धक्का लागला, भाकरी जोरात थापली की दुखतं. आणि चुलीजवळ बोट शेकलं की उतरतं. आता कुणीही शहाण्या माणसानं सांगावं, दुखणं असं सोयीनं येतं-जातं का? भांड्यांचा ढीग दिसला की चढतं आणि शेकत बसलं की उतरतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

शेजारची साळूबाई येऊन सांगून गेली की पानशेतच्या अंगाला एक देवऋषी आहे, त्याला एकदा दाखवा. मी तिला हात जोडले. माझ्या सासऱ्यांनी अंगारे-धुपारे या घरातून काढले तेव्हा गावानं त्यांना काय काय बोलून घेतलं होतं. त्या घरात मी पुन्हा ते आणणार नाही. जे असेल ते तपासणीत येतं, आणि तपासणीत येत नाही ते नसतं. साळूबाई म्हणाली, "बाई, कागदाला काय कळतंय?" म्हटलं, कागदालाच कळतं, माणसं खोटं बोलतात.

२ डिसेंबर

छायाच्या त्या नखाखाली मुळाजवळ निळसर दिसलं. सम्यकाची रंगपेटी घेऊन तिला मोर काढून देत बसते, रंग गेला असेल आत. घासून काढ म्हणाले तर हात झटकन मागं घेतला, जसं काही मी चावणार होते.

५ डिसेंबर

आज मीच एक परीक्षा घेतली. अंगणवाडीत पोटदुखीचं निमित्त करणारी पोरं असायची. त्यांच्यापुढं गूळ-शेंगदाण्याचा लाडू धरला की कळायचं, दुखणं पोटात आहे की डोक्यात. छाया पाठमोरी होती. मी फ्रीजमधला पाण्याचा पेला घेतला आणि बोलता बोलता तिच्या उजव्या हातात दिला. तिनं तो घेतला आणि त्याच क्षणी सोडला. पेला फुटला. ती जमिनीवर बसली आणि मनगट दुसऱ्या हातानं आवळून पुढं-मागं डोलायला लागली. ओठ पांढरे पडले होते.

क्षणभर मला वाटलं, हे खरंच असेल का. पण पेल्याला बाहेरून दव आलेलं होतं, ते तिला हातात घेताना दिसलं असणारच. तिला ठाऊक होतं की पाणी थंड आहे. म्हणजे परीक्षा फसली.

अभिषेकला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तिला भाकरी करायचा कंटाळा आलाय, दुसरं काय न्हाई." पाच वर्षं एका खोलीत राहतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

१० डिसेंबर, रविवार

तेरा माणसं परत पाठवली. शेजारच्या आळीत आता दुसऱ्यांनीही पाटी लावली आहे, सगळी तिकडं गेली. जाताना एक बाई म्हणाली, अहो काकू, ऐनवेळी असं कसं करता. सबंध वेल्ह्यात मला आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

छाया आता एका हातात लोकरीचा मोजा घालून फिरते. पायातला मोजा. पाहुण्यांपुढं काढ म्हटलं तर काढत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. अभिषेकनं तो मोजा चुलीत टाकला.

१८ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी जे केलं ते लिहिते.

अंगणवाडीत गेनबाचा नातू पाण्याला भ्यायचा. बादली दिसली की किंचाळायचा. आम्ही त्याला धरून रोज थोडं थोडं पाण्यात बसवलं आणि पंधरवड्यात तो नळाखालून हलेना. भीती मोडायची ती अशीच मोडते, लाड करून मोडत नाही. हे मी अभिषेकला समजावून सांगितलं. त्याला पटलं. रात्रभर घागर अंगणात ठेवली होती, सकाळी पाणी हाताला चटका देत होतं. छायाला आधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती आधीपासूनच रडली असती.

मी घागर आणली, अभिषेकनं मनगट धरलं आणि हात आत घातला. मी पोरांना म्हणायचे तसं "झालं, झालं, झालंच" म्हणत होते. तिच्या तोंडातून आवाज आला, तो मी गाय अडली होती तेव्हा ऐकला आहे. माणसाचा ऐकला नव्हता. ती आधी त्याला ढकलत होती, मग ढकलायची थांबली, मग तिचे गुडघे गेले आणि ती त्याच्या अंगावर पडली. साडी ओली झाली होती, आणि ते घागरीचं पाणी नव्हतं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण एका दिवसात भीती जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं. अभिषेकला तसं म्हणाले तर तो म्हणाला आता नको, आणि गाडी काढून कुठंतरी निघून गेला. पुरुषांना रडणं बघवत नाही.

सम्यका दारात उभी होती. तिला आत न्यायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

२२ डिसेंबर

छाया कामाला लागली आहे. डाव्या हातानं झाडते, डाव्या हातानं भांडी घासते. बोलत काही नाही. बोट दुखतं असंही म्हणत नाही, त्या दिवसापासून एकदाही म्हणाली नाही. म्हणजे उपाय थोडा तरी लागू पडला.

सम्यका मात्र माझ्याकडून अंघोळ घालून घेईना झाली आहे. मोरीत नेलं की दोन्ही हात फ्रॉकखाली लपवते. थंडीही यंदा फार आहे.

२८ डिसेंबर

छायाचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. आंबवड्याजवळ त्यांची वस्ती आहे, भोरवरून पुढं. आई आजारी आहे म्हणाला. ऐन एकतीस तारखेच्या तोंडावर! गडावर जाणारी अर्धी मंडळी त्या दिवशी येतात. मी म्हणाले, चार दिवस थांबता आलं नसतं का. त्यानं छायाची बॅग उचलून दारात नेऊन ठेवली. पूर्वी मला वाकून नमस्कार करायचा हा मुलगा.

सम्यकाला ठेवून जा म्हटलं. छाया म्हणाली, न्हाई.

१ जानेवारी

काल भाकऱ्या बाहेरून करून आणल्या. वातड. पाहुण्यांनी ताटात टाकल्या. अभिषेक दिवसभर माझ्यावर गुरगुरत होता, जसं काही मीच माहेरी गेले होते.

९ जानेवारी

छाया परत आली. आईबिई काही आजारी नव्हती. भावाबरोबर पुण्याला जाऊन आली होती, हाताचंच ऑपरेशन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडं. मोबाईलवर कुठल्याशा बाईनं आपल्या बोटाची कथा सांगितलेली बघितली म्हणे, अगदी हिच्यासारखीच, थंड पाण्याची. घरात मला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही.

आल्या आल्या चप्पलही न काढता तिनं माझ्या हातात कागद दिला. "आई, हाय. बोटात हाय. आता तुमच्या कागदावर आलंय." तिला असं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते.

नखाखाली गाठ आहे. ग्लोमस म्हणतात तिला. आपल्या बोटांच्या टोकांना रक्ताच्या बारीक नळ्यांचे पुंजके असतात, थंडी-ऊन सांभाळायला, त्यातला एक पुंजका फुगतो. साध्या फोटोत बहुतेक वेळा दिसतच नाही म्हणे, एमआरआय काढला तेव्हा दिसली. त्याआधी डॉक्टरबाईंनी टाचणीच्या बोंडानं नख जागोजाग दाबून नेमकी जागा काढली होती. मग दंडाला पट्टा आवळून रक्त अडवलं आणि त्याच जागी पुन्हा दाबलं, तर दुखेना. पट्टा सोडला की पुन्हा दुखायला लागलं.

मी कागद शेवटपर्यंत वाचला. खाली स्पष्ट लिहिलं होतं की गाठ साधी आहे, कर्करोगाची नाही, जिवाला धोका नाही. मी तिला ते बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, बघ, साधी आहे. चार वर्षं घर डोक्यावर घेतलंस ते साध्या गाठीसाठी. आणि दंडाला पट्टा बांधला की दुखत नाही, म्हणजे लक्ष दुसरीकडं गेलं की दुखत नाही, हेच मी सांगत होते.

तिनं कागद घडी घालून परत घेतला. मला वाटलं होतं, साधी आहे म्हटल्यावर तिला बरं वाटेल.

१२ जानेवारी

ऑपरेशनवरून तीन दिवस घरात धुसफूस. अभिषेकचं म्हणणं, हंगाम आहे, मे महिन्यात करू. साधीच आहे तर पळून जाते का? मलाही ते पटलं. चार वर्षं थांबली, चार महिने थांबायला काय होतं? छाया भांडली नाही. म्हणाली, तारीख घेतली आहे, भाऊ येणार आहे, तुम्ही नाही आलात तरी चालेल.

तुम्ही नाही आलात तरी चालेल! सुनेच्या ऑपरेशनला माहेरचा माणूस बसणार आणि सासरचं कुणी नाही, म्हणजे वेल्ह्यात माझी शोभा. मी म्हणाले, मी येणार.

१८ जानेवारी, गुरुवार

पहाटेच्या एसटीनं स्वारगेट, तिथून रिक्षा. अभिषेकला जीप घेऊन पाहुण्यांना आणायला जायचं होतं. छायाचा भाऊ तिथंच भेटला. मला 'या' म्हणाला आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसला.

ऑपरेशन म्हणजे मोठं काही नव्हतं. पूर्ण भूल नाही, नुसतं बोट बधिर केलं. नख अलगद उचललं, खालची गाठ काढली, नख पुन्हा जागेवर बसवून टाके घातले. आत घेण्यापूर्वी डॉक्टरबाईंनी माझ्यासमोरच तिला विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात. छाया म्हणाली, "काम करत हुते." बाईंनी वर बघितलं. मला वाटलं, तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, हे तरी तिनं सांगायला हवं होतं. सगळं केलेलं मातीत.

नंतर मला आत बोलावून बाटलीतली गाठ दाखवली. लालसर, ज्वारीच्या दाण्याएवढी. त्याहूनही लहान असेल. मला हसूच आलं. मी म्हणाले, एवढीशी? एवढ्यासाठी? छाया टेबलावरच होती, तिनं ऐकलं असणार.

डॉक्टरबाई हातमोजे काढत होत्या, त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "आजी, ही एवढीच असते. माझ्याकडे बायका येतात त्या 'बोटच कापून टाका' म्हणत येतात."

डॉक्टर मंडळींना आपलं काम मोठं करून सांगायची सवय असते. पण तिथं मला जरा कसंतरीच झालं. आत एसी फार जोरात होता. भावानं मला बाहेर आणून पाणी दिलं.

येताना एसटीत छाया खिडकीशी बसली होती, बांधलेला हात मांडीवर. पाबे घाटात वळणावर माझा धक्का लागला तिच्या हाताला. मी चटकन बाजूला सरकले, पण ती काही ओरडली नाही. झोपली होती. तोंड थोडं उघडं, लहान पोरासारखी. एवढी गाढ झोपलेली मी तिला कधी बघितलीच नव्हती.

३ फेब्रुवारी

टाके निघाले. नख काळं पडलं आहे, ते गळून नवीन येणार. डॉक्टरबाईंनी पाण्यात हात घालायची मोकळीक दिली आहे. छाया मात्र जपून जपून एकेक बोट बुडवते.

११ फेब्रुवारी, रविवार

दुपारी पाहुणे गेल्यावर मागच्या दारी नळाचा आवाज येत होता, थांबेचना. बघायला गेले तर छाया नळाखाली हात धरून उभी. सम्यका शेजारी, तिचाही हात नळाखाली. छाया एकदा हात बाहेर काढायची, बोटाकडं बघायची, पुन्हा आत घालायची आणि दोघी हसत सुटायच्या. सम्यका विचारत होती, "दुकतं का गं आई?" आणि ही म्हणायची, "न्हाई गं." पुन्हा विचारायची, पुन्हा न्हाई. तोच खेळ.

उन्हाळा तोंडावर आणि पाणी असं वाहून घालवायचं. बोलणारच होते. पण छायाला असं हसताना बघून किती वर्षं झाली ते आठवेना, म्हणून तशीच परत आले. त्यांना मी दिसले नाही.

१० मार्च, रविवार

आज लिहायला आनंद वाटतो. सगळ्या भाकऱ्या छायानं एकटीनं केल्या. मी मदतीला साळूबाईला बोलावलं होतं, तर छाया म्हणाली, कुणी नको, माझी मी करते. थापायला बसली ती उठलीच नाही. पातळ, काठापर्यंत सारखी, टम्म फुगलेली भाकरी. पाहुण्यांनी फोटो काढले. एक जण म्हणाला, अशी भाकरी आईच्या हातचीच.

मनात आणलं तर करते, हे मी पहिल्यापासून म्हणत होते. बाजारात, विहारात, सगळीकडं सांगून आले की आमच्या सुनेनं कसं चालवलंय. लोकांनी जे ऐकलं होतं तेच त्यांच्या तोंडी राहायला नको.

२४ मार्च, रविवार

होळीमुळं गर्दी कमी, तरी छायानं पीठ भरपूर मळलं. म्हटलं, एवढ्या भाकऱ्या खाणार कोण? म्हणाली, राहू द्या, वस्तीवर वाटू. आणि सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत थापत बसली. खरकटी भांडीही तिनंच घासली, गार पाण्यानं. मी गरम पाणी देत होते तर नको म्हणाली. कामाची अशी गोडी लागली म्हणजे माणूस सुधारतं.

साळूबाई कुजबुजली, "बाई, पोर लई गप झाली वो." म्हटलं, हात कामात असले की तोंड गप असतं. आधी उलटं होतं.

अभिषेकही खुश आहे. मे महिन्यात मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकू म्हणतो, वीस माणसं जास्त बसतील. कंपनीचं नावही आता काढत नाही. शेड कुठवर यावी ते आम्ही दोघांनी मिळून चुन्यानं आखूनही ठेवलं.

७ एप्रिल, रविवार

जेवणावळ आटोपली, भांडी झाली. छायानं हात पुसले आणि माझ्यापुढं येऊन बसली. सहसा माझ्यापुढं बसत नाही.

"आई, मी उद्या जाते. सम्यकाला घेऊन."

म्हटलं जा की, माहेरी जाऊन तुलाही बरेच दिवस झाले. कधी येशील?

"माहेरी न्हाई. भोरला. तितं मुलींच्या वसतिगृहात सैपाकाचं काम धरलंय. खोलीबी बगितलीय."

मला आधी कळेचना. विचारलं, हे कधी ठरवलंस. तर म्हणाली, बोटाचे टाके निघाले तेव्हाच. त्या लोकांनी सांगितलं होतं की दोन्ही वेळच्या भाकऱ्या कराव्या लागतील, हात टिकेल का ते बघ आणि मग ये. "म्हनून म्हैनाभर हितल्या समद्या भाकरी म्याच केल्या. बगायचं हुतं, दिवसभर थापून, गार पान्यात भांडी घासून दुकतंय का. न्हाई दुकत."

म्हणजे ज्याचं कौतुक मी वेल्हेभर सांगत फिरले, ते हे होतं.

मला राग आला. कुणालाही आला असता. मी म्हणाले, तुला पुण्याला नेलं, दवाखान्यात मी स्वतः बसले, तुझं बोट बरं करून आणलं. आता तर दुखतही नाही. आता काय झालंय जायला? दुखत होतं तेव्हा गेली असतीस तर एक वेळ मला कळलं असतं.

ती रडली असती, भांडली असती, तर मला समजूत घालता आली असती. ती माझ्याकडं बघून अगदी हळू बोलली, जसं आपण बहिऱ्या माणसाशी मुद्दाम हळू बोलतो. "दुकत हुतं तवा कुठं जानार, आई? एका हातानं पोरगी घिऊन कोन ठिवून घेतंय? आता दुकत न्हाई, म्हनून जाते."

त्या सकाळचं, घागरीचं, ती काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. माझं उत्तर तयार होतं. ती बोललीच नाही.

८ एप्रिल

सकाळच्या भोरच्या गाडीनं गेली. एक बॅग आणि सम्यका. मी फाट्यापर्यंत गेले, न जाऊन लोकांना काय सांगू. सम्यकाचा मुका घ्यायला वाकले तर ती आईच्या मागं गेली. छायानं मात्र वाकून नमस्कार केला, रीत सोडली नाही.

अभिषेक दुपारपर्यंत उठला नाही. मग उठून म्हणाला, तिला माहेरच्यांनी फूस लावली, दुसरं काही नाही. हात बरा झाला म्हणून माज आला. मी त्याला जेवायला वाढलं, काल तिनं करून ठेवलेल्या भाकऱ्या होत्या. त्यानं ताट सरकवलं. मग मला विचारलं, "आई, पर तिला हितं कमी काय हुतं?" घर, नवरा, पोरगी, काम, सगळं होतं. ऑपरेशनही झालं.

शनिवारी पंचवीस जणांचं सांगून ठेवलेलं आहे. त्यांना नाही म्हणून कळवायला लागेल. तेही मीच कळवायचं, कारण अभिषेक फोनला हात लावेना.

सबंध दिवस हाच विचार करते आहे आणि तो मला सुटत नाही. दुखणं आलं की माणूस घर सोडतं, दुखणं गेलं की घरी राहतं, अशीच जगाची रीत मी बघत आले. ही उलटं करून गेली. म्हणजे ती चार वर्षं माझ्या घरात राहिली ती बोट दुखत होतं म्हणून? असं कुठं असतं का.